झेडडीडीपी : इंजिन ऑइलमधील झीजरोधक

झिंक डायअल्किल डायथायोफॉस्फेट या जिभेची परीक्षा पाहणाऱ्या नावाचे हे लघुरूप. जस्त, फॉस्फरस आणि गंधक असलेले हे संयुग जवळपास प्रत्येक इंजिन ऑइलमध्ये अल्प प्रमाणात असते. १९४० च्या दशकात ते तेलात आले, ते बेअरिंग गंजू नयेत आणि तेल लवकर खराब होऊ नये म्हणून. झीज रोखण्याचा त्याचा गुण नंतर ध्यानात आला, आणि आज त्याची ओळख तीच आहे.

इंजिनात बहुतेक ठिकाणी तेलाचा थर धातूला धातूपासून दूर ठेवतो. झडपा उघडणाऱ्या कॅम आणि टॅपेट या भागांच्या जागी मात्र दाब इतका असतो की तेल बाजूला सारले जाते आणि पोलादाचे सूक्ष्म उंचवटे एकमेकांवर घासतात. त्या घासण्यातला ताण आणि उष्णता यांनीच झेडडीडीपीचे रेणू तुटतात व तिथल्या तिथे जस्त फॉस्फेटचा काचेसारखा थर बसतो. जाडी साधारण १०० नॅनोमीटर, म्हणजे केसाच्या जाडीचा सुमारे सातशेवा भाग. थर सलगही नसतो, ठिगळाठिगळांचा असतो. पोलादाऐवजी तोच झिजतो आणि तेलात झेडडीडीपी शिल्लक असेतो पुन्हा भरून येतो. ते संपत आले तरी तेल बोटांना बुळबुळीतच लागते. चिमटीत धरून तेलाची पारख करण्यात म्हणूनच फारसा अर्थ नाही.

झीज थांबली म्हणजे घर्षणही घटले, असे आपण धरून चालतो. या खडबडीत थरामुळे घर्षण उलट थोडे वाढते. ते घटवण्यासाठी मॉलिब्डेनमची संयुगे वेगळी घालावी लागतात. त्यांतून बनणारे मॉलिब्डेनम डायसल्फाइडचे पापुद्रे पत्त्यांसारखे एकमेकांवरून सरकतात. मोटरसायकलला हा निसरडेपणा नडू शकतो. बहुतेक मोटरसायकलींत क्लच प्लेटा इंजिनच्याच तेलात बुडालेल्या असतात. कारचे असे तेल घातले तर क्लच सटकण्याची शक्यता असते. अशा ओल्या क्लचसाठी डब्यावर ‘जासो एमए’ ही जपानी मानकाची खूण पाहतात, ती यासाठी.

झेडडीडीपीचा खरा दोष फॉस्फरस. जळलेल्या तेलाबरोबर तो धुरात जातो आणि धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर निकामी करत जातो. त्यामुळे इंजिन ऑइलची मानके ठरवणाऱ्या आयएलसॅक या समितीच्या २००४ च्या जीएफ-४ मानकाने पेट्रोल कारच्या तेलात फॉस्फरसची कमाल मर्यादा ०.०८ टक्के ठेवली. झीज वाढू नये म्हणून किमान ०.०६ टक्केही सोबतच ठरवले. सपाट टॅपेटच्या जुन्या गाड्या बाळगणारे हौशी लोक मात्र आजही जास्त जस्ताचे, म्हणजे जास्त झेडडीडीपीचे, तेल शोधत असतात.