बाप्तिस्म्याचे शब्द निकेयात घुसडले गेले?

बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती धर्मात प्रवेशाचा पाण्याचा विधी, देताना म्हटले जाणारे ‘पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने’ हे शब्द मुळात शास्त्रात नव्हतेच, ३२५ साली निकेया येथे भरलेल्या बिशपांच्या परिषदेत ते बायबलच्या नव्या करारातील मत्तय २८:१९ या वचनात घुसडले गेले, असा दावा वर्षानुवर्षे फिरतो आहे. तो खोटा आहे.

‘डिडाखे’ ही सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांची छोटी नियमपुस्तिका बहुतेक अभ्यासकांच्या मते पहिल्या शतकाच्या अखेरची किंवा दुसऱ्याच्या सुरुवातीची. तिच्या सातव्या अध्यायात सगळा विधीच दिला आहे: वाहत्या पाण्यात बाप्तिस्मा द्या, ते नसेल तर दुसऱ्या पाण्यात, थंड जमत नसेल तर गरम चालेल, दोन्ही नसेल तर पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने डोक्यावर तीनदा पाणी ओता. जस्टिन मार्टर या ख्रिस्ती लेखकाने १५५ च्या सुमारास हीच तीन नावे सांगितली आहेत. परिषद तेव्हा दीड शतकाहून जास्त लांब होती.

दाव्याचा सारा भर युसेबियस या चौथ्या शतकातील चर्च-इतिहासकारावर. तो काही ठिकाणी मत्तयातील हे वचन त्रोटक, ‘माझ्या नावाने’ असे देतो, हे खरे; पण इतरत्र पूर्णही देतो. आणि या वचनाच्या उपलब्ध ग्रीक हस्तलिखितांत त्रोटक रूप एकाही ठिकाणी नाही.

मग नव्या करारातच प्रेषितांची कृत्ये २:३८ मध्ये येशूचा शिष्य पेत्र बाप्तिस्मा फक्त ‘येशू ख्रिस्ताच्या नावाने’ घ्या असे का म्हणतो? हा प्रश्न रास्त आहे, त्यावर ख्रिस्ती मंडळ्यांत (चर्चमध्ये) मतभेदही आहेत. मात्र त्यासाठी कारस्थान रचायची गरज नाही: खुद्द डिडाखेच नवव्या अध्यायात ‘प्रभूच्या नावाने बाप्तिस्मा झालेले’ असे म्हणते, म्हणजे दोन्ही शब्दप्रयोग एकाच पुस्तिकेत आहेत.