एस/पीडीआयएफ आणि एईएस/ईबीयू: घरी अ‍ॅडॉप्टर बनवताना दिशा बघा

"एका टोकाला आरसीए, दुसऱ्या टोकाला एक्सएलआर, मध्ये सोल्डर, झाला अ‍ॅडॉप्टर." घरचं डिजिटल ऑडिओ मशिन स्टुडिओच्या मशिनला जोडायचा हा सल्ला वाचून वाचून डोकं उठलंय. (आरसीए म्हणजे घरच्या ऑडिओचा एका पिनचा गोल कनेक्टर, एक्सएलआर म्हणजे माइकला असतो तो तीन पिनांचा.)

एस/पीडीआयएफ म्हणजे घरच्या मशिन्समधलं डिजिटल ऑडिओ कनेक्शन, कोअ‍ॅक्स केबल (मध्ये एक तार, भोवती शील्ड), ७५ ओहम इम्पिडन्स, साधारण अर्धा व्होल्ट. एईएस/ईबीयू (पुढे नुसतं एईएस) स्टुडिओतलं, ११० ओहम, बॅलन्स्ड (दोन तारांवर एकमेकांच्या उलट सिग्नल), एक्सएलआरवर. आतला डेटा जवळपास तोच, चॅनल स्टेटसचा (ऑडिओसोबत जाणाऱ्या माहितीच्या बिट्सचा) पहिला बिट कंझ्युमर की प्रोफेशनल ते सांगतो आणि बरीच मशिन्स त्यावरून अडून बसत नाहीत. एक्सएलआरच्या पिन २ आणि ३ ची अदलाबदल झाली तरी बिघडत नाही, बायफेज मार्क कोडिंगला (बिट्स सिग्नलच्या बदलांतून लिहायची इथली पद्धत) पोलॅरिटीशी देणंघेणं नसतं.

सगळा घोळ व्होल्टेजचा आहे आणि तो दोन्ही दिशांना सारखा नाही. एईएसचा आउटपुट २ ते ७ व्होल्ट देतो, पण त्याच्या इनपुटने २०० मिलिव्होल्टचा सिग्नलसुद्धा ओळखायचा असतो. त्यामुळे एस/पीडीआयएफकडून एईएसकडे जाताना पिन २ ला मधली तार, पिन १ आणि ३ ला शील्ड, एवढ्यावर छोट्या केबलला बहुतेक वेळा काम होऊन जातं. आणि मग लोक तीच केबल उलटी लावतात! आता अर्ध्या व्होल्टची सवय असलेल्या इनपुटवर ७ व्होल्टपर्यंत येणार, म्हणजे चौदा पट, शिवाय पिन ३ शील्डला जोडल्यामुळे आउटपुटला ट्रान्सफॉर्मर नसेल तर ड्रायव्हर चिपचा एक पाय सरळ ग्राउंडला शॉर्ट. या दिशेला मध्ये ट्रान्सफॉर्मर हवाच, टर्न्स रेशो (वेढ्यांचं प्रमाण) साधारण १.२ ला १ (११० भागिले ७५ चं वर्गमूळ), पण त्याने व्होल्टेज फारसं उतरत नाही म्हणून पुढे रेझिस्टरचा पॅडही (व्होल्टेज उतरवणारी जोडणी) हवा. नुसत्या रेझिस्टरवरही भागवतात लोक, पण मी ट्रान्सफॉर्मरच घालीन, ग्राउंड वेगळे राहतात आणि हमचा (गुणगुण आवाजाचा) प्रश्न येत नाही. तो पल्स ट्रान्सफॉर्मरच (जलद डिजिटल सिग्नलसाठीचा) घ्या, माइकचा नको, ४८ किलोहर्ट्झ सॅम्पल रेटला सुद्धा तारेवर ३ मेगाहर्ट्झपर्यंतचा सिग्नल असतो.

आणि कृपा करून केबलचे ७५ ओहम मल्टिमीटरने मोजू नका. तो तारेचा रेझिस्टन्स नाहीच, तो इम्पिडन्स आहे, तारांची जाडी, त्यांच्यातलं अंतर आणि मधलं इन्सुलेशन यावर ठरणारा, दहा सेंटिमीटरच्या तुकड्यालाही तोच आणि दहा मीटरलाही तोच.