परस्परसंवादी डिजिटल कथालेखन

वाचकाच्या वा प्रेक्षकाच्या निवडीनुसार पुढचा भाग बदलत जाणारी कथा संगणकावर रचण्याची कला. मजकूर, ध्वनी, चित्र व चलत्‌चित्र यांपैकी एक किंवा अनेक माध्यमे तीत वापरली जातात. एकच कथाविश्व निरनिराळ्या माध्यमांत वाटून मांडण्यास ‘ट्रान्समीडिया’ म्हणतात. माध्यम-अभ्यासक हेन्री जेन्किन्स यांच्या २००३ च्या लेखानंतर ही संज्ञा रुळली. तथापि चित्रपट-अभ्यासक मार्शा किंडर यांनी १९९१ मध्येच ‘ट्रान्समीडिया’ हा शब्द योजला होता. परस्परसंवादी कथा आणि ट्रान्समीडिया या दोन कल्पनांची नेहमी सरमिसळ होते. ट्रान्समीडिया कथेत वाचकाला निवड असतेच असे नाही.

उगमाविषयी एकमत नाही. माँट्रियलच्या १९६७ च्या जागतिक प्रदर्शनात चेकोस्लोव्हाकियाने दाखवलेला ‘किनोऑटोमॅट’ हा चित्रपट-प्रयोग काही अभ्यासक आद्य मानतात. तेथे प्रत्येक आसनाला हिरवे व लाल अशी दोन बटणे होती. चित्रपट मध्येच थांबे आणि सूत्रधार मंचावर येऊन कौल घेई. कौल कोणताही पडो, दोन्ही वाटा पुढे एकाच प्रसंगाला येऊन मिळत. मात्र हा प्रयोग डिजिटल नव्हता. त्यामुळे विल क्राउदर यांच्या गुहाशोधाच्या संगणकीय खेळाकडे आरंभाचा मान जाणे अधिक सयुक्तिक वाटते. क्राउदर हे प्रोग्रामर आणि हौशी गुहासंशोधक; केंटकीतील मॅमथ गुहेच्या सर्वेक्षणाचा अनुभव त्यांनी आपल्या मुलींसाठी फोरट्रान या संगणकीय भाषेत उतरवला. जुन्या लेखनात त्याचा काळ बऱ्याचदा १९७२ च्या सुमाराचा दिलेला आढळतो. पुढे, हा खेळ नंतर वाढवणारे डॉन वुड्स यांच्या स्टॅनफर्ड विद्यापीठातील विद्यार्थिदशेतील संगणक-खात्याच्या जुन्या प्रतीत मूळ प्रोग्राम सापडला. त्याच्या आधारे अभ्यासक डेनिस जर्झ यांनी २००७ मध्ये केलेल्या अभ्यासानुसार तो साधारण १९७५–७६ चा ठरतो, व हेच मत ग्राह्य धरावे. जादूचा भाग सर्वस्वी वुड्स यांनी १९७७ मध्ये घातला, हा समजही त्या अभ्यासाने मोडला: कुऱ्हाड फेकणारा बुटका आणि मंत्राचा शब्द क्राउदर यांच्याच प्रतीत आहेत.

माध्यमे जोडण्यामागे कधी निव्वळ अडचणही असते. इन्फोकॉम या संगणकीय खेळांच्या कंपनीने १९८२ मधील एका खूनकथेच्या खेळाच्या खोक्यात पोलिसी जबान्या आणि औषधी गोळ्यांची पुडी घातली, कारण एवढा मजकूर डिस्कवर मावत नव्हता.

शिकणाऱ्याची पहिली अडचण गणिताची असते. दहा टप्प्यांवर प्रत्येकी दोन पर्याय ठेवून वाटा कोठेच जुळवल्या नाहीत, तर १,०२४ शेवट होतात आणि एकूण २,०४७ प्रसंग लिहावे लागतात. म्हणून फुटलेल्या वाटा ठरावीक प्रसंगी पुन्हा एकत्र आणतात व वाचकाने मागे काय केले ते चलांत (बदलती माहिती ठेवणाऱ्या नामांकित जागांत) साठवतात. कंदील घेतला असेल तर विहिरीचा तळ दिसतो. नसेल तर फक्त पाण्याचा आवाज येतो. प्रसंग तोच, वाक्य वेगळे. हा आराखडा आधी कागदावर काढलेला बरा.

साधनांपैकी ख्रिस क्लिमस यांचे ‘ट्वाइन’ (२००९) नवशिक्यांत विशेष प्रचलित आहे. ते मोफत असून तयार कथा एकाच वेब फाइलमध्ये मिळते. ‘दिवेलागण झाली आहे. पडवीत कुणी नाही.’ या मजकुराखाली [[हाक मारा->माजघर]] आणि [[विहिरीकडे जा->विहीर]] असे लिहिले की माजघर व विहीर या नावांच्या दोन रिकाम्या चौकटी पटावर आपोआप उमटतात आणि बाणांनी जोडल्या जातात. नाव अक्षरशः जुळावे लागते. पुढे कोठे ‘विहिर’ असे ऱ्हस्व लिहिले गेले, तर तिसरीच चौकट तयार होते आणि वाचक कोऱ्या पानावर जाऊन पडतो. शुद्धलेखनाची इतकी रोख किंमत एरवी क्वचितच मोजावी लागते. चित्रकथांसाठी ‘रेनपाय’ (२००४), तर मोठ्या खेळांतील संवादांसाठी ‘इंक’ (२०१६ पासून मुक्तस्रोत) वापरतात.

मराठीत लिहिताना मुख्य पेच क्रियापदाचा. या कथा बहुधा द्वितीय पुरुषी, वर्तमानकाळात असतात. इंग्रजीत त्यातून वाचकाचे लिंग उघड होत नाही. मराठीत ‘तू उघडतोस’ की ‘उघडतेस’ हे पहिल्याच वाक्यात ठरवावे लागते. ‘तुम्ही उघडता’ म्हटले की प्रश्न मिटतो, पण सलगी जाते. भूतकाळी कर्मणी प्रयोग, जसे ‘तू दार उघडलंस’, हा त्यातल्या त्यात सोयीचा मार्ग. तोही ‘गेलास–गेलीस’पाशी अडतोच. वाचकाने आज्ञा टंकित करण्याचा जुना प्रकार तर मराठीला आणखी जड जातो: ‘दिवा घे’ आणि ‘दिव्यात तेल घाल’ यांतली वस्तू एकच आहे हे यंत्राला कळण्यासाठी प्रत्येक नामाचे सामान्यरूप शिकवावे लागते. त्यामुळे पर्यायांवर बोट ठेवण्याचा प्रकार मराठीस अधिक मानवतो.

महाराष्ट्रात मुंबईच्या आयआयटीतील आयडीसी या अभिकल्प (डिझाइन) विभागात ॲनिमेशन व आंतरक्रिया अभिकल्प (इंटरॅक्शन डिझाइन) हे नजीकचे विषय शिकवले जातात.