एलएलव्हीएमच्या सोर्स ट्रीची आजची मांडणी कुठून आली

एलएलव्हीएम हा कंपायलर (प्रोग्रामचं यंत्रभाषेत रूपांतर करणारी साधनं) बनवण्यासाठीचा खुला प्रकल्प. त्याचा कोड वाचायला बसणारा विद्यार्थी आज एकच रेपॉझिटरी (कोड आणि त्याचा इतिहास ठेवलेला साठा) क्लोन करतो, म्हणजे आपल्या संगणकावर उतरवतो. एलएलव्हीएम, क्लँग (सी आणि सी++चा कंपायलर), एलएलडी (लिंकर), एलएलडीबी (डीबगर), कंपायलर-आरटी (प्रोग्राम चालताना लागणारी लायब्ररी) ही फोल्डरं त्याला शेजारी शेजारी दिसतात. ही मांडणी ऑक्टोबर २०१९ पासूनची. त्याआधीच्या ट्युटोरियलांमधले पाथ आजच्या ट्रीशी, म्हणजे फोल्डरांच्या रचनेशी, जुळत नाहीत आणि नवखे बहुधा इथेच अडकतात.

प्रकल्प २००० साली अमेरिकेतल्या इलिनॉयमधल्या एका विद्यापीठात सुरू झाला, २००३ मध्ये पहिली आवृत्ती आली, २००७ मध्ये क्लँग खुला झाला. त्या काळातली एक खूण मात्र लक्षात ठेवावी: आयआरचे (एलएलव्हीएमच्या आतल्या मधल्या भाषेचे) मूळ क्लास २०१३ पर्यंत ‘लिब/व्हीएमकोर’मध्ये होते. जुन्या नोट्समध्ये तो पाथ दिसला, की सरळ ‘लिब/आयआर’ उघडावं.

सबव्हर्जनच्या (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या जुन्या प्रणालीच्या) दिवसांत सगळे प्रकल्प एकाच सर्व्हरवर होते, रिव्हिजन क्रमांकही एकाच मालिकेतले. पण चेकआउट वेगवेगळे. क्लँग एलएलव्हीएमच्या ‘टूल्स’मध्ये उतरवायचा, सर्व्हरवर त्याचं नाव होतं ‘सीएफई’. त्याची जास्तीची साधनं क्लँगच्या आत ‘टूल्स/एक्स्ट्रा’त, कंपायलर-आरटी ‘प्रोजेक्ट्स’मध्ये. यातलं एखादं राहून गेलं तर बिल्ड तक्रार न करता पूर्ण व्हायचा, फक्त तो भाग तयार व्हायचा नाही.

२०१६ मध्ये खरा वाद पेटला. सबव्हर्जन सोडून गिट या नव्या नोंद-प्रणालीवर जायचं याला फारसा विरोध नव्हता, प्रश्न होता कसं जायचं. एका बाजूचं म्हणणं, प्रत्येक प्रकल्पाची रेपॉझिटरी वेगळी ठेवा आणि सबमॉड्यूलनं (एका रेपॉझिटरीत दुसरीचा दुवा ठेवण्याच्या गिटच्या सोयीनं) जोडा. ज्याला फक्त सी++ची लायब्ररी हवी, त्यानं सगळा पसारा का उतरवावा? शिवाय स्वतःच्या शाखा सांभाळणाऱ्या कंपन्यांना सगळी जुळणी नव्यानं करावी लागणार होती. दुसरी बाजू म्हणत होती, एलएलव्हीएममधल्या फंक्शनची सही (त्याला द्यायच्या-घ्यायच्या मूल्यांचं स्वरूप) बदलली की क्लँगमधले कॉल त्याच वेळी बदलावे लागतात. रेपॉझिटरी दोन झाल्या तर कमिटही (नोंदवलेले बदल) दोन होतात, त्यांच्या मधल्या अवस्थेत बिल्ड मोडलेला असतो आणि बायसेक्ट करणं (बिघाड नेमक्या कोणत्या कमिटनं आला ते अर्ध्या-अर्ध्यानं शोधणं) जिकिरीचं होतं.

शेवटी एकत्र रेपॉझिटरी ठरली, आणि ती योग्यच ठरली. चर्चेचा भर बिल्ड आणि डाउनलोडवर राहिला. वाचणाऱ्याचा फायदा त्याहून मोठा आहे. डिक्लरेशन, क्लँगमधले कॉल आणि टेस्ट हे सगळं आता एकाच कमिटमध्ये दिसतं, म्हणून बदल का झाला हे कळतं. आकाराची तक्रार खरी होती, पूर्ण क्लोन एक जीबीच्या वर जातो. पण म्हणून ‘डेप्थ १’चा (इतिहासाशिवाय फक्त शेवटच्या कमिटचा) क्लोन घेतला तर गिट ब्लेम, म्हणजे कोणती ओळ कोणत्या कमिटनं आली ते सांगणारी आज्ञा, प्रत्येक ओळ एकाच कमिटवर दाखवतं आणि शिकण्याचं मुख्य साधनच हातातून जातं.

एकत्रीकरणानं एक गोष्ट मात्र सुटली नाही. एक्स८६च्या (इंटेल-एएमडी प्रोसेसरांच्या) फोल्डरमधल्या फायली ‘एक्स८६जेनइन्स्ट्रइन्फो.इंक’ इन्क्लूड करतात, पण ती फाइल सोर्समध्ये कितीही ग्रेप केलं (शोधलं) तरी मिळत नाही. टेबलजेन हे एलएलव्हीएमचं कोड तयार करणारं साधन ती ‘.टीडी’ या वर्णन-फायलींवरून बिल्ड फोल्डरमध्ये तयार करतं. म्हणून वाचायच्या आधी एकदा बिल्ड करावा आणि सीमेककडून (बिल्डची मांडणी करणाऱ्या साधनाकडून) कंपाइल कमांडची यादी काढून घ्यावी. क्लँगडीला (एडिटरमध्ये कोडातून फिरायला मदत करणाऱ्या साधनाला) मग या फायलीही सापडतात.

२०२३ मध्ये रिव्ह्यू (बदलांची तपासणी) फॅब्रिकेटर या जुन्या वेब-साधनावरून गिटहबच्या पुल रिक्वेस्टवर (बदल स्वीकारण्याच्या विनंतीवर) आले, त्यामुळे एखाद्या ओळीमागची चर्चा आता तीन ठिकाणी विखुरली आहे. ब्लेमवरून कमिटपर्यंत पोहोचल्यावर संदेशाच्या शेवटी पाहावं. नुसता ‘एलएलव्हीएम-एसव्हीएन’ क्रमांक (सबव्हर्जनचा जुना रिव्हिजन क्रमांक) असेल तर त्या वेळच्या मेलिंग लिस्टमध्ये शोधावं, ‘डी’नं सुरू होणारा क्रमांक असेल तर फॅब्रिकेटरच्या जतन केलेल्या पानांवर. शीर्षकात ‘#’ आणि आकडा असला, तर चर्चा बहुधा पुल रिक्वेस्टमध्येच मिळते.