स्नायूची पाटी कोरी होत नाही

५ ऑगस्ट २०१७, लंडन. जागतिक अ‍ॅथलेटिक्स स्पर्धेतली शंभर मीटरची अंतिम शर्यत. उसेन बोल्टची ही शेवटची वैयक्तिक शर्यत, त्यामुळे अख्खं स्टेडियम त्याच्यासाठी जमलेलं. जिंकला मात्र जस्टिन गॅटलिन, ९.९२ सेकंदांत. ख्रिश्चन कोलमन ९.९४, बोल्ट ९.९५. निकाल लागताच प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. गॅटलिनने ओठांवर बोट ठेवून त्यांना गप्प केलं आणि मग बोल्टसमोर गुडघे टेकून तो झुकला.

हुर्यो का, हे सगळ्यांना ठाऊक होतं. २००४ साली अथेन्सला सुवर्णपदक मिळवणारा हा धावपटू २००६ मध्ये टेस्टोस्टेरॉन या स्नायू वाढवणाऱ्या पुरुषी संप्रेरकाच्या चाचणीत सापडला होता. आपण जाणूनबुजून काही घेतलं नाही, असं तो कायम सांगत आला. पण चार वर्षांची बंदी त्याने पूर्ण भोगली आणि २०१० मध्ये तो परतला. त्यानंतर २०१५ मध्ये, वयाच्या तेहेतिसाव्या वर्षी, ९.७४ सेकंद ही त्याची आयुष्यातली सर्वोत्तम वेळ नोंदली गेली.

अशा खेळाडूला मुलांसमोर आदर्श म्हणून उभं करावं का, यावर वाद निघाला की एक युक्तिवाद हमखास येतो : ‘शिक्षा भोगली ना? मग पाटी कोरी.’ माणुसकीच्या आणि कायद्याच्या अंगाने मला हे पटतं. अडचण एवढीच, की स्नायूला कायदा कळत नाही. आणि स्नायूची पाटी कशी पुसली जाते, किंवा पुसली जात नाही, ही मला जीवशास्त्रातली फार सुरेख गोष्ट वाटते. म्हणून आदर्शाचा प्रश्न थोडा वेळ बाजूला ठेवतो.

आधी एक गैरसमज. सायकल चालवायला शिकलं की ते विसरत नाही, त्याला लोक ‘स्नायूंची स्मृती’ म्हणतात. ती स्मृती मेंदूत असते. मी म्हणतोय ती स्मृती खरोखरच मांसात असते. दुसरा गैरसमज, व्यायाम सोडला की ‘स्नायूची चरबी होते’. होत नाही. स्नायू आणि चरबी या वेगळ्या पेशी आहेत. एक आकसते, दुसरी फुगते, इतकंच.

शाळेत आपण शिकतो, की पेशीत एक केंद्रक असतं. हाडांना जोडलेल्या स्नायूचा तंतू हा नियम धाब्यावर बसवतो. असा एक तंतू म्हणजे एकच पेशी, पण ती कित्येक सेंटिमीटर लांब असू शकते आणि तिच्यात शेकडो, कधी हजारो केंद्रकं असतात. कशाला हवीत इतकी? केंद्रकात जनुकं असतात. त्यांच्या नकला आरएनएच्या रूपात बाहेर पडतात आणि त्यांवरून प्रथिनं बनतात. पण आरएनए आणि प्रथिनं पेशीत फार लांबवर पोचत नाहीत. लांबलचक शेताला एक विहीर पुरत नाही, ठरावीक अंतरावर विहिरी खणाव्या लागतात; तसंच हे. प्रत्येक केंद्रक आपल्या आसपासचा तुकडा भिजवतं. तंतू जाड करायचा, म्हणजे शेत वाढवायचं, तर विहिरी वाढवाव्या लागतात.

पण तंतूतली केंद्रकं विभाजित होत नाहीत. मग नव्या विहिरी येतात कुठून? याचं उत्तर १९६१ साली अलेक्झांडर मॉरो यांना बेडकाच्या स्नायूत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसलं. तंतूचं पटल आणि त्याभोवतीचं बाहेरचं आवरण यांच्या फटीत चपट्या, निपचित पडलेल्या पेशी होत्या. त्यांना उपग्रह पेशी म्हणतात. व्यायामाचा ताण पडला किंवा स्नायूला इजा झाली, की त्या जाग्या होतात, विभाजित होतात आणि त्यांतल्या काही सरळ तंतूत विलीन होतात. विलीन होताना आपलं केंद्रक तंतूला देऊन टाकतात, स्वतः उरत नाहीत. टेस्टोस्टेरॉन आणि त्याची कृत्रिम भावंडं, म्हणजे अ‍ॅनाबॉलिक स्टेरॉइडं, नेमकी इथे जोर लावतात. प्रथिनं बनवण्याचा वेग तर ती वाढवतातच, शिवाय उपग्रह पेशी आणि तंतूतली केंद्रकं यांची संख्याही वाढवतात.

आता मुख्य प्रश्न. व्यायाम सुटला, स्टेरॉइड सुटलं, स्नायू आकसला, तर या जादा केंद्रकांचं काय होतं? शेत लहान झालं की जादा विहिरी बुजत असणार, असं बरीच वर्षं धरून चाललं जायचं. ओस्लो विद्यापीठातल्या क्रिस्टियान गुंडरसन यांच्या गटाने ते प्रत्यक्ष पाहायचं ठरवलं. आधीच्या अनेक अभ्यासांत स्नायूचा तुकडा कापून केंद्रकं मोजायचे, पण त्यात एक खोट होती. शेजारच्या दुसऱ्या पेशींची मरणारी केंद्रकंही तंतूचीच समजून मोजली जाण्याचा धोका असायचा. या मंडळींनी जिवंत उंदराच्या एकेका तंतूत चमकणारं द्रव्य टोचलं आणि तोच तंतू दिवसागणिक सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार स्नायूवर जादा भार टाकल्यावर केंद्रकं सहाव्या दिवसापासून वाढू लागली, तंतूची जाडी मात्र नवव्या दिवसापासून. म्हणजे विहीर आधी, शेत मागून. एकविसाव्या दिवशी केंद्रकं ५४ टक्क्यांनी वाढलेली होती. मग त्यांनी त्या स्नायूची मज्जातंतूची जोडणी तोडली. स्नायू झपाट्याने रोडावला, पण केंद्रकं जिथल्या तिथे राहिली. शेत पडीक पडलं, विहीर बुजली नाही!

२०१३ मध्ये याच गटाने उंदरांवर टेस्टोस्टेरॉनचा प्रयोग केला. काही आठवडे ते दिल्यावर केंद्रकं ६६ टक्क्यांनी आणि तंतूंच्या छेदाचं क्षेत्रफळ ७७ टक्क्यांनी वाढलं. औषध काढून घेतल्यावर तीन आठवड्यांत तंतू पूर्वीइतके बारीक झाले. वरून पाहिलं तर पाटी स्वच्छ. केंद्रकं मात्र तीन महिन्यांनीही जादाच होती, आणि उंदराच्या आयुष्यातले तीन महिने म्हणजे दहा टक्क्यांहून जास्त आयुष्य. त्यानंतर या उंदरांच्या स्नायूंवर सहा दिवस भार टाकला. तंतू ३१ टक्क्यांनी वाढले. ज्यांना टेस्टोस्टेरॉन कधीच मिळालं नव्हतं, त्यांच्यात तेवढ्याच भाराने दखल घ्यावी अशी वाढ झाली नाही.

इथे थोडं सावरून घ्यायला हवं. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, आणि केंद्रकं कायमची टिकतात का, यावर संशोधकांचं एकमत नाही. उंदरांना वजन लावलेल्या चाकावर पळवून नंतर विश्रांती दिली, तर जादा केंद्रकं कमी होतात, असं दाखवणारेही प्रयोग झाले आहेत. शिवाय स्मृतीचा दुसरा रस्ताही आहे. जनुकांवर मिथाइल गटांच्या रासायनिक खुणा असतात, आणि अशी खूण पुसली गेली की ते जनुक अधिक सहज वाचलं जातं. माणसांना सात आठवडे व्यायाम, सात आठवडे विश्रांती आणि पुन्हा सात आठवडे व्यायाम असं चक्र देऊन केलेल्या, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात काही जनुकांवरचा बदल विश्रांतीच्या काळातही टिकलेला आढळला. हे मिथाइल प्रकरण डोक्यावरून गेलं तरी बिघडत नाही, विहिरी लक्षात ठेवा. (आणि ‘टेस्टोस्टेरॉन नैसर्गिकरीत्या वाढवा’ म्हणून विकल्या जाणाऱ्या डब्यांकडे पाठ फिरवा. त्यांतून बहुतेकदा विक्रेत्याचं उत्पन्न वाढतं. आणि ज्या मोजक्या डब्यांचा खरंच परिणाम होतो, त्यांत न छापलेलं स्टेरॉइड निघू शकतं.)

आता बंदीकडे वळू. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या संहितेत २०१५ पासून हेतुपुरस्सर सेवनाच्या पहिल्या गुन्ह्याला चार वर्षं आहेत, आधी दोन होती. लघवीतलं स्टेरॉइड बहुधा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत ओसरतं. म्हणून ‘तो परत आला तेव्हा स्वच्छ होता’ हे वाक्य चाचणीपुरतं अगदी खरं असू शकतं आणि स्नायूपुरतं अपुरं. परतलेल्या खेळाडूची हिंमत, शिस्त, पस्तिशीतली जिद्द या गोष्टी खऱ्या असतात. पण त्या वेळी घड्याळात दिसणारा आकडा निव्वळ जिद्दीचा आहे, असं मुलांना सांगायला माझी जीभ रेटत नाही.

मुलांचं म्हणाल, तर मानसशास्त्रातला एक जुना प्रयोग मला इथे आठवतो. अल्बर्ट बांडुरा यांनी १९६५ मध्ये लहान मुलांना एक चित्रफीत दाखवली. तिच्यात एक मोठा माणूस फुगवलेल्या बाहुल्याला बडवतो. काही मुलांना त्याला शाबासकी मिळताना दिसलं, काहींना शिक्षा होताना, काहींना यांपैकी काहीच नाही. शिक्षा पाहिलेल्या मुलांनी नंतर कमी नक्कल केली. इथवर सगळं अपेक्षेप्रमाणे. मग मुलांना सांगितलं, की त्या माणसाने काय काय केलं ते करून दाखवलंत तर बक्षीस मिळेल. तिन्ही गटांनी जवळपास सारखंच करून दाखवलं. शिकलेलं सगळ्यांकडे होतं, शिक्षेने ते फक्त दडवलं होतं. बदनाम खेळाडूला पडद्याआड ढकललं की मुलं त्याच्याकडून काही शिकणार नाहीत, ही समजूत त्यामुळे मला भाबडी वाटते. त्याने काय केलं आणि कसं केलं, हे मुलांना कळलेलंच असतं. त्यापेक्षा त्याने स्वतः ते उघड सांगावं. सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँगने २०१३ मध्ये टीव्हीवर उत्तेजकांची कबुली दिली, पण ती टूर द फ्रान्सची सातही विजेतेपदं २०१२ मध्ये काढून घेतल्यानंतर, आणि अनेक वर्षं खरं बोलणाऱ्यांनाच कोर्टात खेचल्यानंतर. अशी कबुली मला तरी आदर्श वाटत नाही.

आणि सगळेच दोषी सारखे नसतात. पूर्व जर्मनीत किशोरवयीन मुलींना जीवनसत्त्वं म्हणून निळ्या गोळ्या दिल्या जायच्या. ते ओरल-ट्युरिनाबोल नावाचं स्टेरॉइड होतं. ही योजना राबवणारे क्रीडाप्रमुख मानफ्रेड एवाल्ड आणि डॉक्टर मानफ्रेड ह्यॉपनर यांना २००० साली बर्लिनच्या न्यायालयाने दोषी ठरवलं. त्या मुलींच्या स्नायूंतही विहिरी खणल्या गेल्याच असणार, पण खणणारे हात दुसऱ्यांचे होते.

गॅटलिनच्या स्नायूंत स्टेरॉइडने खणलेल्या विहिरी आहेत की नाहीत, हे त्याच्या वेळेवरून ठरवता येत नाही. त्याच्या मांडीतून स्नायूचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तरी उत्तर मिळणार नाही. घामाने आलेलं केंद्रक आणि सुईने आलेलं केंद्रक अगदी सारखंच दिसतं. दोन्ही त्याच उपग्रह पेशींतून आलेली, दोन्हींत तोच डीएनए, दोन्ही तंतूच्या कडेला तशीच लांबट, शांत पहुडलेली.