आयर्लंडमध्ये उतरल्यानंतर: आयआरपी कार्ड, पीपीएस नंबर आणि कामाचे नियम

व्हिसा मिळाला म्हणजे सगळं झालं, अशा समजुतीत दर सप्टेंबरला बरीच मुलं डब्लिनला उतरतात. प्रत्यक्षात 'डी' वर्गाचा स्टडी व्हिसा आयर्लंडपर्यंत येण्यापुरताच असतो. किती दिवस राहायचं हे विमानतळावरचा इमिग्रेशन अधिकारी ठरवतो आणि पासपोर्टवरच्या शिक्क्यात तारीख लिहून देतो, जास्तीत जास्त 90 दिवसांची. त्या तारखेच्या आत नोंदणी करून आयरिश रेसिडेन्स परमिट, म्हणजे आयआरपी कार्ड घ्यावं लागतं.

तुमचा अभ्यासक्रम पूर्णवेळ, दिवसा भरणारा आणि सरकारच्या 'आयलेप' यादीतला (परदेशी विद्यार्थ्यांसाठी मान्य अभ्यासक्रमांची यादी) असेल, तर या कार्डावर 'स्टॅम्प टू', म्हणजे विद्यार्थी म्हणून राहण्याची परवानगी मिळते. सरकारी विद्यापीठांच्या पदवी-पदव्युत्तर अभ्यासक्रमांना सहसा अडचण येत नाही. खासगी कॉलेजात प्रवेश घेत असाल तर यादीतलं नाव स्वतः तपासा. एजंटच्या शब्दावर विसंबू नका.

पूर्वी कॉर्क, गॉल्वे, लिमरिककडची मुलं जवळच्या गार्डा (आयरिश पोलीस) स्टेशनात नोंदणी करत. 13 जानेवारी 2025 पासून हे काम पूर्णपणे न्याय खात्याच्या इमिग्रेशन विभागाकडे गेलं. पहिल्या नोंदणीला डब्लिनमध्ये, लिफी नदीकाठच्या बर्ग की कार्यालयात स्वतः जावं लागतं. अपॉइंटमेंट विभागाच्या पोर्टलवर मोफत मिळते. 'स्लॉट काढून देतो' म्हणून पैसे मागणाऱ्याला नमस्कार करून पुढे जा. सेमिस्टर सुरू होताना गर्दी असते, त्यामुळे उतरल्या उतरल्या खातं उघडून तारीख घ्या.

सोबत मूळ पासपोर्ट, कॉलेजचं प्रवेशपत्र, फी भरल्याचा पुरावा आणि आरोग्य विम्याची कागदपत्रं ठेवा. फी 300 युरो, डेबिट किंवा क्रेडिट कार्डने. फोटो आणि बोटांचे ठसे तिथेच घेतात. विम्याकडे मात्र नीट लक्ष द्या. अपघातासाठी किमान 25,000 युरो, आजारासाठी किमान 25,000 युरो आणि रुग्णालयात दाखल व्हावं लागल्यास तोही खर्च, एवढं संरक्षण पॉलिसीत स्पष्ट लिहिलेलं हवं. भारतातून काढलेला ट्रॅव्हल इन्शुरन्स या अटी पुऱ्या करत असला तरी पहिल्याच वर्षी चालतो. दुसऱ्या वर्षी नूतनीकरणाला आयर्लंडमधला खासगी आरोग्य विमा लागतो, आणि तो खर्च घरच्या हिशोबात बहुतेक वेळा धरलेलाच नसतो.

कार्ड टपालाने येतं. तात्पुरत्या खोलीचा पत्ता देऊन पुढच्या आठवड्यात दुसरीकडे राहायला गेलात तर ते कुणाच्या हाती पडेल सांगता येत नाही.

आता कामाचं. स्टॅम्प टूवर सत्र चालू असताना आठवड्याला 20 तास काम करता येतं. जून ते सप्टेंबर हे चार महिने आणि 15 डिसेंबर ते 15 जानेवारी या काळात 40 तासांपर्यंत. या तारखा देशभर सारख्याच असतात. तुमच्या कॉलेजला ईस्टरची सुट्टी लागली म्हणून तास वाढत नाहीत. दोन ठिकाणी काम करत असाल तर दोन्हीकडचे तास मिळून 20. स्वतःचा व्यवसाय करायला परवानगी नाही, आणि फूड डिलिव्हरी करणारे सहसा स्वयंरोजगारीच धरले जातात. दुसऱ्याच्या नावाचं अकाउंट भाड्याने घेऊन सायकल मारणं म्हणजे तीनशे युरोंच्या कार्डावर स्वतःहून पाणी सोडणं.

पगारासाठी पीपीएस नंबर, म्हणजे कर आणि सरकारी सेवांसाठीचा वैयक्तिक क्रमांक लागतो. तो सरसकट मागता येत नाही, कशासाठी हवा ते दाखवावं लागतं. म्हणून आधी नोकरी मिळवा, मालकाकडून तसं पत्र घ्या, मग पासपोर्ट आणि पत्त्याचा पुरावा जोडून 'मायवेल्फेअर' संकेतस्थळावर अर्ज करा. पत्त्याच्या पुराव्यापाशी गाडी अडते, कारण वीजबिल घरमालकाच्या नावावर असतं. भाडेकरार किंवा कॉलेजच्या वसतिगृहाचं पत्र जपून ठेवा.

नंबर आला की लगेच रेव्हेन्यूच्या (आयरिश कर खात्याच्या) 'मायअकाउंट'मध्ये जाऊन नोकरी नोंदवा. नंबर न देता काम सुरू केलं तर पहिल्या पगारापासून 40 टक्के आयकर आपत्कालीन दराने कापला जातो, वर युनिव्हर्सल सोशल चार्ज हा उत्पन्नावरचा आणखी एक कर वेगळा. नोंदणीनंतर जास्तीचे पैसे परत मिळतात, पण भाड्याची तारीख तोवर थांबत नाही.

सुट्टीत बेलफास्टला जायचा बेत हमखास ठरतो. बसने निघालात तर सीमेवर पासपोर्ट तपासणी नसते, म्हणून अनेकांना ते आयर्लंडच वाटतं. पण उत्तर आयर्लंड युनायटेड किंग्डममध्ये येतं आणि भारतीय पासपोर्टवर तिथे यूकेचा व्हिसा लागतो. आयआरपी चालत नाही. आयर्लंड शेंगेनमध्येही (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात) नाही, त्यामुळे पॅरिस-रोमसाठीही वेगळा व्हिसा काढावा लागतो. भारतात जाऊन परत येताना मात्र मुदतीतलं आयआरपी कार्ड पुरतं, पुनःप्रवेशाचा व्हिसा लागत नाही.

पदवीनंतर थांबायचं असेल तर 'स्टॅम्प वन जी', म्हणजे शिक्षणानंतर राहून काम करण्याची परवानगी. आयरिश पात्रता चौकटीतल्या (शिक्षणाच्या स्तरांची सरकारी क्रमवारी) आठव्या स्तराच्या, म्हणजे ऑनर्स पदवीला 12 महिने, नवव्या किंवा वरच्या स्तराला, म्हणजे एमएस्सी वगैरेला, 12 अधिक 12 मिळून 24 महिने. निकाल कळल्यापासून सहा महिन्यांत, हातातली परवानगी संपायच्या आत अर्ज करा. कॉलेजच्या पत्रावर पदवीचा स्तर लिहून घ्यायला विसरू नका. फी पुन्हा 300 युरो.