संत अँब्रोझ
(सु. ३३९–४ एप्रिल ३९७). मिलानचा बिशप व लॅटिन (पश्चिमेकडील) चर्चच्या चार थोर आचार्यांपैकी एक. पापाचा जाब सम्राटालाही द्यावा लागतो, हे तत्त्व त्याने प्रत्यक्ष रोमन सम्राटाकडून मान्य करून घेतले.

जन्म ट्रियर येथे, उमराव घराण्यात. कायद्याचे शिक्षण घेऊन तो उत्तर इटलीतील एका प्रांताचा राज्यपाल झाला. ३७४ मध्ये मिलानचा एरियनपंथी (ख्रिस्ताला पित्याच्या, म्हणजे देवाच्या, बरोबरीचा न मानणारा) बिशप वारला. नव्या निवडीवरून दंगा होऊ नये म्हणून अँब्रोझ चर्चमध्ये गेला आणि लोकांनी त्यालाच बिशप ठरवले. तोवर त्याचा बाप्तिस्माही झालेला नव्हता.

याच एरियनांसाठी राजमाता जस्टिनाने शहरातील एक चर्च मागितले. अँब्रोझने ते दिले नाही. ३८६ मध्ये सैनिक बाहेर पहाऱ्याला असताना लोक आत मुक्काम ठोकून बसले. त्यांचा धीर टिकावा म्हणून स्तोत्रगायन सुरू झाले. त्या लोकांत पुढे संत म्हणून प्रसिद्ध झालेल्या ऑगस्टीनची आई मोनिकाही होती. ‘सम्राट चर्चच्या आत असतो, चर्चच्या वर नाही’ हे अँब्रोझचे वाक्य याच झगड्यातले.

३९० मध्ये ग्रीसमधील थेसालोनिका शहरात जमावाने बुथेरिक या सेनाधिकाऱ्याला ठार केले. सूड म्हणून सम्राट थिओडोशियसच्या सैनिकांनी शहरात हजारोंची कत्तल केली. अँब्रोझने स्वहस्ते, फक्त सम्राटाने वाचावे असे पत्र लिहिले : बायबलमधील दाविद राजाने पाप कबूल केले, तसे तूही कर, तोवर तुझ्यासमोर मी मिस्सा (चर्चमधील मुख्य उपासनाविधी) अर्पण करू शकत नाही. सम्राटाने राजचिन्हे उतरवून चर्चमध्ये सर्वांदेखत पश्चात्ताप केला. बिशपने सम्राटाला चर्चच्या दारात अडवल्याचे चित्रकारांचे आवडते दृश्य नंतरच्या कथांतले आहे. खरे धैर्य त्या खासगी पत्रात दिसते. चूक कबूल करायला त्याने सम्राटाला वाट मोकळी ठेवली.

हीच ताकद त्याने अन्यायासाठीही वापरली, हे लपवता येत नाही. ३८८ मध्ये युफ्रेटिसकाठच्या कॅलिनिकम येथे ख्रिस्ती जमावाने ज्यूंचे सिनेगॉग (प्रार्थनास्थळ) जाळले. ते तिथल्या बिशपने बांधून द्यावे, हा थिओडोशियसचा हुकूम न्याय्य होता. अँब्रोझने तो मागे घ्यायला लावला; सम्राटाने शब्द देईपर्यंत तो वेदीकडे गेला नाही.

मिलानमधील त्याच्या नावाच्या बॅसिलिकेत त्याचे अवशेष आहेत. त्याचा सण ७ डिसेंबरला असतो.